पूर्वेकडचा व्हरांडा

पाकिटातून आलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण खंडाळ्याच्या ‘शीतलछाया विश्रामधामा’नं उत्तर पाठवलं ते उघड्या पोस्टकार्डावर, निळ्या शाईनं, टपोऱ्या अक्षरांत, म्हणजे पोस्टमनपासून तळमजल्यावरच्या वाण्यापर्यंत ज्याला म्हणून वाचता येत होतं त्यानं ते खुशाल वाचावं. श्यामकांत वर्दे मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून बोरिवलीला घरी आला, चपला काढल्या, छत्री नसतानाही सवयीनं खुंटीकडे हात नेला, आणि वनमाला स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “अहो, तुमचं कार्ड आलंय. आरशामागं ठेवलंय.” एवढंच म्हणाली. श्यामकांतनं कार्ड काढलं आणि उभ्याउभ्या वाचलं. ‘आपले पत्र व सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी पोचली. आपल्या पत्नीस कोरडा खोकला, सायंकाळी अंग कोमट राहणे व वजन उतरणे या तक्रारी आहेत असे समजले. सबब ‘प्रकृतीसाठी’ या वर्गात पूर्वेकडील व्हरांड्याची खोली नंबर सात दिनांक आठ मेपासून आठ दिवस राखून ठेवली आहे. दूध दोन वेळा मिळेल. चूल, स्टोव्ह, भांडी, अंथरूण काहीही आणू नये. येथे सर्व मिळते.’ वाचून होताच त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कारण वनमालेला यातलं काहीही नव्हतं. तिला सर्दीसुद्धा फारशी होत नसे. तो खोकला, तो कोमटपणा, ते उतरलेलं वजन, सगळं श्यामकांतनं रचलं होतं.

तिनं वाचलं की काय? कार्डाच्या कडेला हळदीच्या अंगठ्याचा एक पिवळा ठसा होता, मजकुराच्या बाजूला. पण कार्ड कुणीही हातात घेतलं तरी अंगठा कुठल्यातरी बाजूला येणारच. हळद लागलेल्या हातानं बाई घाईघाईत पोस्टमनकडून कार्ड घेते, पाठीमागचं नाव बघते, आरशामागं खोचते आणि फोडणी करपू नये म्हणून आत पळते. असंच झालं असणार. श्यामकांतनं स्वतःला दोनतीनदा समजावलं आणि कार्ड खिशात घातलं. जेवायला बसल्यावर तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, “खोली मिळाली. आठ तारखेपासून.” वनमालेनं त्याच्या पानात बांगड्याची दुसरी तुकडी वाढली. “मिळाली ना? बरं झालं,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून हसली. ते हसू त्याला फार दिवसांत दिसलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी कधीतरी ती असं हसत असे, असं त्याला अंधुक आठवलं. एवढं मायेनं हसणाऱ्या बाईनं ते कार्ड वाचलेलं असणं शक्यच नाही. वाचलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. जिवंत, धडधाकट बायकोला कागदावर आजारी पाडता? असं म्हणाली असती. आणि तिचं काही चुकलं नसतं.

खरं तर सगळं चांगल्यासाठी चाललं होतं. अकरा वर्षांच्या संसारात त्यानं तिला एकदाही हवापालटाला नेलं नव्हतं. लग्नानंतर ती दोघं गोव्याला कुलदेवतेला जाऊन आली, ते देवाचं काम. त्याला सहल म्हणता येत नाही. नंतर माणिक झाली, मग आईचं आजारपण, मग हे बोरिवलीचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. वर गिरगावातले नातेवाईक रविवारी डबे बांधून बोरिवलीलाच हवा खायला यायचे. “तुमचं काय बुवा, तुम्ही बारा महिने हवेत राहता,” असं म्हणायचे, आणि त्या हवेत राहणारी वनमाला त्यांच्यासाठी तीनतीनदा चहा टाकायची. एकदा असेच सगळे गेल्यावर पातेली घासता घासता ती म्हणाली होती, “मला डोंगर नको, सूर्यास्त नको. आठ दिवस कुणीतरी मला आयतं ताट वाढावं आणि ‘आज भाजी काय करू’ हा प्रश्न माझ्या डोक्यात येऊ नये. बस्स.” ती रागावून म्हणाली नव्हती, म्हणून ते त्याच्या मनात राहिलं. फेब्रुवारीत ऑफिसातल्या मार्तंड देवस्थळीनं त्याला ‘शीतलछाया’चं माहितीपत्रक दिलं तेव्हा त्यातलं ‘येथे सर्व मिळते’ हे वाक्य त्यानं चार वेळा वाचलं.

ते माहितीपत्रक म्हणजे एक मजाच होती. त्यात पाहुण्यांचे चार वर्ग पाडले होते. ‘नवपरिणीत’ वर्गाला पश्चिमेकडच्या खोल्या, तिथून दरीतला सूर्यास्त दिसे आणि चहा खोलीत येई. ‘सहकुटुंब’ वर्गाला अंगणाकडच्या मोठ्या खोल्या, झोपाळा, मुलांना संध्याकाळी केळं. ‘ज्येष्ठ व एकांतप्रिय’ मंडळींना तळमजला, पायऱ्या नाहीत, रात्री मऊ भात, एकादशीला साबुदाणा. आणि ‘प्रकृतीसाठी’ येणाऱ्यांना पूर्वेकडचा व्हरांडा, सकाळचं ऊन, आरामखुर्ची, दोन वेळा दूध. खाली बारीक अक्षरांत ‘संसर्गजन्य रोग्यांनी कृपया तसदी घेऊ नये’. श्यामकांत तो कागद घेऊन बराच वेळ बसला होता. आपण नक्की कोण, हेच त्याला ठरवता येईना. नवपरिणीत तर नव्हतोच. आणि होतो तेव्हा कुणी सूर्यास्त दाखवला नाही. सहकुटुंब म्हणावं तर माणिकला ती संध्याकाळची केळी हवी होती, पण वनमालेला मग तिथंही पोरीची वेणीफणी आणि तुझं हे सांडलं, ते सांडलं. एकांतप्रिय तो स्वतः होता, पण एकांतात जाऊन करायचं काय हे त्याला कधी सुचलं नव्हतं. शेवटी त्यानं ‘सहकुटुंब’वर खूण केली आणि अर्ज पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: मे महिना पूर्ण भरलेला आहे, जूनमध्ये पहावे. जूनमध्ये खंडाळ्याला जाऊन काय ओलं व्हायचं?

“वर्दे, तूपण ना यार, अगदीच भोळा,” मार्तंड म्हणाला होता. मार्तंड दर वर्षी जायचा, कधी माथेरान, कधी पाचगणी, आणि आल्यावर महिनाभर बाकीच्यांना त्या हवेत जगवायचा. “सहकुटुंब लिहिलंस तर कसली मिळते खोली? प्रकृतीसाठी लिही. त्या खोल्या राखीव असतात. डॉक्टरची चिठ्ठी लागते, तेवढंच.”

“पण कुणाची प्रकृती?”

“बायकोची लिही रे. नवऱ्याची लिहिली तर ऑफिसात बोंब होते. माझ्या बायकोला तीन वर्षं संधिवात आहे कागदावर. बॅडमिंटन खेळते ती!” आणि मार्तंड टेबलावर थाप मारून हसला. मधल्या सुट्टीत त्यानंच श्यामकांतला गिरगावात एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हातारा, चष्मा कपाळावर. त्यानं वर न बघता कागद पुढे ओढला आणि विचारलं, “बोला, काय लिहू?” मार्तंड बाहेर विडी ओढत उभा होता, त्यामुळे मदतीला कुणी नव्हतं. श्यामकांतला वाटलं होतं डॉक्टरच काहीतरी साधंसं लिहील, अशक्तपणा वगैरे. पण डॉक्टर टाक उचलून वाट बघत राहिला, आणि श्यामकांतच्या तोंडून भराभर शब्द बाहेर पडले. “कोरडा खोकला. संध्याकाळी अंग कोमट असतं. वजन उतरलंय.” जणू पाठच होते. डॉक्टरनं लिहिलं, सही केली. मग पहिल्यांदाच वर पाहिलं आणि म्हणाला, “हे जर खरं असतं ना वर्दे, तर मी तुम्हाला खंडाळ्याला जाऊ दिलं नसतं.” श्यामकांत हसला. डॉक्टरही हसला. बाहेर आल्यावर मार्तंड म्हणाला, “झालं काम? झकास!” आणि दोघांनी उसाचा रस प्यायला.

शब्द पाठच होते. ते बाळदादाचे होते. श्यामकांत सात वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ एके दिवशी ट्रंक घेऊन घोडागाडीत बसला आणि घरात सगळ्यांनी सांगितलं, बाळ हवा खायला गेलाय. देशावर, एका आरोग्यधामात. श्यामकांतनं त्या दिवशी जमिनीवर लोळण घेतली होती, मलाही हवा खायला जायचंय म्हणून. आणि बाळदादाची पत्रं यायची ती तर असली चविष्ट असायची! सकाळी उठल्यावर दूध, मग अंडं, मग व्हरांड्यात खाटेवर पडून राहायचं, कुणी अभ्यास कर म्हणत नाही, दुपारी फळं, पुन्हा दूध. समोर मोठं झाड आहे त्यावर पोपट येतात. इथे सर्व मिळतं. इथे सर्व मिळतं, हे त्याचं नेहमीचं वाक्य. श्यामकांत ती पत्रं शाळेत नेऊन मुलांना वाचून दाखवायचा. त्याच्या लेखी जगात त्याहून श्रीमंती थाटाची जागा नव्हती. वडील रात्री आईला हळू आवाजात सांगत, संध्याकाळी अंग अजून कोमट असतं म्हणे, वजन उतरलंय. आणि आई म्हणे, हळू बोला, ही वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते. पुढच्या वर्षी पत्रं थांबली. ट्रंक परत आली. श्यामकांतला कुणी काही सांगितलं नाही, फक्त ट्रंक अंगणात उन्हात उघडी टाकली होती आणि आतल्या कपड्यांना हात लावायची बंदी होती. दुपारी सगळे निजल्यावर त्यानं जवळ जाऊन वाकून पाहिलं. आत एक पोपटाचं पीस होतं. ते मात्र त्यानं उचललं नाही.

हे सगळं त्याला इतक्या वर्षांनी बुधवारी सकाळी दाढी करताना आठवलं, आणि गालावर साबण तसाच वाळला. ऑफिसात दिवसभर त्याचं लक्ष लागलं नाही. आईच्या त्या तथास्तुवर त्याचा विश्वास नव्हता. तो शिकलेला माणूस, पेपर वाचणारा. पण विश्वास नसला म्हणून भीती जाते असं थोडंच आहे? आपल्या हातानं आपण बायकोच्या नावापुढे बाळदादाचा आजार लिहवून घेतला. दुसरा आजार नव्हता का जगात? संधिवात होता. आम्लपित्त होतं. गुडघा होता. संध्याकाळी घरी पाऊल टाकलं तेव्हा वनमाला मोरीत होती. नळ सोडलेला होता, मोठ्यानं. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा काही आवाज आहे का म्हणून तो दारात थबकला. नळ बंद झाला, ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. “काय झालं, असे का उभे?” “काही नाही. पाणी फार वाया जातं,” तो म्हणाला. “हो, आता नाही सोडणार,” ती म्हणाली, आणि पुन्हा तसंच हसली.

त्या दिवसापासून त्यानं तिच्याकडे बघायला सुरुवात केली. अकरा वर्षांत माणूस बायकोकडे बघतो कुठे? ती असतेच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तारखेपुरतं बघावं तसं तो तिच्याकडे चहापुरतं, जेवणापुरतं बघत आला होता. आता चोरासारखा बघू लागला, आणि जे दिसलं त्यानं त्याची झोप उडाली. गुरुवारी सकाळी दिसलं, ती दांडा तुटलेल्या कपातून चहा पिते. घरात चांगले सहा कप असताना. चहा झाल्यावर तो कप ती वेगळा धुऊन खिडकीत पालथा घालते. शुक्रवारी दिसलं, तिचा झंपर खांद्यावरून उतरतोय आणि संध्याकाळी ती शिवणाच्या मशीनवर दुसऱ्या झंपराच्या शिवणी आत घेतेय. “खंडाळ्यासाठी करतेयस का?” त्यानं विचारलं. “तसंच समजा,” ती म्हणाली. माणिक तिथंच पाटीवर गणितं करत होती. ती आठ वर्षांची, आणि तिला सुट्टीत आठ दिवस वाकोल्याला आत्याकडे राहावं लागणार होतं म्हणून घुश्श्यात होती. ती एकदम म्हणाली, “बाबा, आई मला तिच्या ताटातला शेवटचा घास देत नाही हल्ली. आधी द्यायची.” “मोठी झालीस तू आता,” वनमाला मशीन न थांबवता म्हणाली. श्यामकांतनं मशीनवरच्या झंपराकडे पुन्हा पाहिलं. अंथरुणं घालताना त्याच्या ध्यानात आलं की वनमाला स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी निजते. उकडतं म्हणून, असं ती म्हणाली होती. कधी म्हणाली होती? तिनं तिथं निजायला कधीपासून सुरुवात केली? त्याला आठवेना. कार्ड आल्यापासूनच असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. आपण लिहिलं आणि ते लागलीच व्हायला लागलं. डॉक्टरच्या टाकातून उतरलेली अक्षरं इमानेइतबारे एकेक करून तिच्या अंगावर येऊन बसताहेत. मग तो स्वतःला शिव्या देई, वर्द्या, तुझं डोकं फिरलंय. कप आवडीचा असेल, झंपर ढिला झाला असेल, उकडत असेल. एप्रिल आहे, उकडणारच. सगळ्याला कारण होतं. आणि सगळ्याला कारण होतं म्हणूनच त्याला भीती वाटत होती, कारण बाळदादाच्या वेळीसुद्धा सगळ्याला कारण होतं.

वनमाला मात्र खुशीत होती. हे सर्वांत वाईट. तिनं शाल उन्हात घातली, ट्रंकेला नवं कुलूप आणलं, शेजारच्या रुक्मिणीबाईंना सांगून आली की आठ दिवस आमच्याकडचं दूध तुम्ही घ्या. काम करता करता गुणगुणत होती. श्यामकांतला ती ट्रंक बघवत नव्हती. त्यानं शनिवारी ऑफिसात मार्तंडला विचारलं, “समजा, कागदावर लिहिलं तसंच झालं तर?” मार्तंडनं डोळे बारीक केले. “म्हणजे?” “म्हणजे तुझ्या बायकोला खरंच संधिवात झाला तर?” मार्तंड म्हणाला, “वर्दे, तुला खरंच हवापालटाची गरज आहे,” आणि फाईल उघडून बसला. त्यानंतर दिवसभर तो श्यामकांतशी नीट बोलला नाही. परत येताना श्यामकांतनं ठरवलं, उद्या सांगून टाकायचं. कार्ड पुढे करायचं आणि म्हणायचं, हे खोटं आहे, हे मी रचलं, मला माफ कर, आपण खंडाळ्याला जायचं नाही. ती भडकेल, रडेल, आठ दिवसांचं आयतं ताट जाईल. जाऊ दे. निदान तिच्या नावापुढचं ते अभद्र पुसलं जाईल. कागद फाडला की सुटलो.

रविवारी चार वाजता तो म्हणाला, “चल, टेकडीवर जाऊन येऊ.” घरात सांगणं त्याला नको होतं. ती वास्तू ऐकते, हे त्याच्या डोक्यातून जाईना. माणिकला रुक्मिणीबाईंकडे ठेवून दोघं उपवनाच्या रस्त्यानं निघाली. तिथं रविवारची जत्रा होती. दादर-गिरगावची मंडळी सतरंज्या टाकून बसली होती, स्टोव्हवर भजी तळली जात होती, कुणी तान्ह्या पोराला झाडाखाली निजवलं होतं, एक नवं जोडपं सगळ्यांपासून लांब जाऊन बसलं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून जोरजोरात श्वास घेत होते. चारही वर्ग हजर आहेत, श्यामकांतच्या मनात आलं, आणि एरवी तो हसला असता. ही दोघं टेकडीच्या पायवाटेला लागली. चढ म्हणजे काय, माणिक पळत जायची एवढाच. पण अर्ध्यावर वनमाला थांबली. एका दगडावर बसली. छातीवर हात ठेवला आणि पदराचा बोळा तोंडावर धरून खोकली. कोरडा खोकला. श्यामकांत तो आवाज ओळखत होता. पस्तीस वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून येणारा तोच आवाज. तोही तिच्याशेजारी दगडावर बसला.

“वनू,” तो म्हणाला. तो तिला वनू म्हणत नसे. “मला तुला एक सांगायचंय. ते कार्ड—”

“नका सांगू,” ती म्हणाली. दम लागल्यामुळे शब्द तुटत होते. “मी वाचलंय. आलं त्याच दिवशी वाचलं.”

“वाचलंस?”

“आणि रडले. दुपारभर रडले, माणिक शाळेतून येईस्तोवर.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ती हसत होती. “होळीपासून चाललंय हे, अहो. दोन महिने होत आले. मोरीत नळ सोडून खोकायची मी, तुम्हाला कळू नये म्हणून. कप वेगळा केला, पोरीला उष्टं द्यायची बंद झाले, निजायला आत गेले. रोज वाटायचं, सांगावं. पण माझ्या मावशीला असंच झालं तेव्हा तिला माहेरी पाठवून दिलं आणि परत आणलंच नाही. जीभच उचलायची नाही माझी. आणि राग यायचा तुमचा. खोटं कशाला सांगू? वाटायचं, ह्या माणसाचं आपल्याकडे लक्षच नाही. आपण ह्याच्यासमोर वाळून काटकी झालो तरी हा आमटी गार झाली म्हणेल.”

खालून भज्यांचा वास येत होता. होळीपासून. श्यामकांतनं मनात हिशेब केला. डॉक्टरकडे तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेला होता. म्हणजे त्याच्या लिहिण्यानं काही झालं नव्हतं. आधीच होतं. एका क्षणापुरतं त्याला सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचा दगड कुणी उचलल्यासारखं. आणि दुसऱ्याच क्षणी जे कळलं त्यानं त्याची मान वर होईना. दोन महिने ती त्याच्यापासून दोन हातांवर खोकत होती, आणि तो डॉक्टरपुढे बसून, काय लिहावं म्हणून आठवत होता.

“आणि तुम्ही सगळं ओळखून होतात,” ती म्हणाली. “संध्याकाळी अंग कोमट असतं, हे तर मलासुद्धा धड ठाऊक नव्हतं. कार्ड वाचून मी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला! मला न सांगता डॉक्टरकडे गेलात, माझ्यासाठी चिठ्ठी आणलीत, खोली मिळवलीत, आणि मी घाबरू नये म्हणून सहलीला जाऊ म्हणालात. एवढं बारीक कधी बघितलंत हो? मला कळलंसुद्धा नाही.” तिनं त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. हात धरला नाही. हात धरायचं तिनं सोडून दिलं असणार, कप वेगळा केला तेव्हापासून. “आता मला काही भीती नाही वाटत. इंजेक्शनं निघालीत म्हणतात. तुम्हाला ठाऊक आहे ना, मग बस्स. खरं सांगा, कधी कळलं तुम्हाला?”

तोंड उघडायचं आणि सांगायचं, हेच तर ठरवून तो आला होता. वाक्यं तयार होती. कार्ड खिशात होतं, कडेला हळदीचा अंगठा असलेलं. हे खोटं आहे, हे मी रचलं. पण आता त्यातलं खोटं कुठलं उरलं होतं? खोटं फक्त एकच होतं, त्याचं बघणं. आणि नेमक्या तेवढ्याच्या आधारावर ती त्या दगडावर ताठ बसली होती. ते काढून घेतलं तर ती उतरून खाली जाणार कशी? आणि नाही काढलं तर जन्मभर तिच्या डोळ्यांतला हा विश्वास त्याला फुकटात खावा लागणार. त्यानं हात पुढे केला आणि उलटा पंजा तिच्या कपाळावर ठेवला. मग गळ्याला लावला. सहा वाजायला आले होते. अंग कोमट होतं.

“सांगा ना. कधी कळलं?”

“आत्ता,” श्यामकांत म्हणाला. “आत्ता कळलं, वनू. देवाशपथ.”

“चला, काहीतरीच तुमचं!” ती म्हणाली, आणि मोठ्यानं हसली. हसता हसता तिला पुन्हा खोकला आला. ती बराच वेळ खोकत राहिली, पदर तोंडाशी धरून, आणि ह्या खेपेला आजूबाजूला कुणी ऐकतंय का हे तिनं बघितलं नाही. त्याचा हात तिच्या पाठीवर होता. झंपराच्या आत घेतलेल्या शिवणी त्याच्या बोटांना लागत होत्या. उद्या ऑफिसला जायचं नाही, सकाळी तिला घेऊन डॉक्टरकडे जायचं, छातीचा फोटो काढायचा, असं तो मनाशी म्हणत राहिला. खाली सतरंज्या गोळा व्हायला लागल्या होत्या.